डॉक्टरांची चालण्याची वेळ

आचऱ्यात डॉक्टरकी करणारा माणूस दवाखान्याला कुलूप लावल्यावरही डॉक्टरच राहतो. तिठ्यावर त्याने काय विकत घेतलं, रामेश्वराच्या देवळात समाराधनेच्या पंगतीला दुसऱ्यांदा भात घेतला का, बंदरावर जाताना गाडी काढली की चालत गेला, हे सगळं गाव पाहत असतं आणि लक्षात ठेवतं. सकाळी ज्याचा रक्तदाब तपासला तोच माणूस संध्याकाळी पाणंदीत समोर येतो. आचरा आणि आसपासच्या चिंदर, वायंगणी, तोंडवळी, मुणगे या गावांतली माणसं तपासण्यात माझी तीन दशकं गेली. चालायला आणि जपून खायला सांगणाऱ्या डॉक्टरने ते आधी स्वतःच्या दिवसात बसवलेलं असलं, तर त्याच्या सल्ल्याला तपशील येतो, आणि तपशील असलेला सल्लाच रुग्णाच्या घरी टिकतो, या मतावर मी एवढ्या काळात येऊन पोचलो आहे.

मी व्यवसाय सुरू केला तेव्हा व्यायाम हा वेगळा विषय नव्हता, कारण घरभेटी चालतच व्हायच्या. हिर्लेवाडीत कुणाला ताप आला, पिरावाडीत कुणाला दम लागला, की बॅग घेऊन निघायचं. जामडूल बेटावर जायचं तर खाडीकाठपर्यंत चालत आणि पुढे होडीने. चिऱ्याच्या घाट्या चढायच्या, कुणग्यांच्या मेरांवरून तोल सांभाळत जायचं, पावसात साकवावरून पलीकडे व्हायचं. रुग्णाच्या घरी पोचेपर्यंत माझा श्वास किती वाढला यावरून त्या घरच्या म्हातारीला रोज किती चढावं लागतं हेही कळायचं. पुढे मोटरसायकल आली, वाडीवाडीत रस्ते गेले, मग चारचाकी आली. रुग्णांकडे लवकर पोचता येऊ लागलं, ही फार मोठी सोय झाली. पण दिवसातले दहा तास मी खुर्चीत बसू लागलो आणि उरलेल्यातले बरेच गाडीत.

त्याच काळात रुग्णांचंही तेच होत होतं. चिखलणीला जोताऐवजी पॉवर टिलर आला. पाटा-वरवंट्याची जागा मिक्सरने घेतली, विहिरीवरचा रहाट गेला आणि पंपाचं बटण आलं. किनाऱ्यावर शेकडो हात मिळून रापण ओढायचे, ती रापण कमी झाली आणि होड्यांना इंजिनं लागली. मुलं शाळेला रिक्षाने जाऊ लागली. यातली एकही गोष्ट वाईट म्हणता येणार नाही. उन्हात कमरेत वाकून ज्यांनी आयुष्य काढलं त्यांच्या कष्टांचं कौतुक लांबून करणं मला पटत नाही. मात्र शरीराला लागणारी हालचाल कामाबरोबर आपोआप मिळायची, ती आता मुद्दाम मिळवावी लागते, हे मान्य केल्याशिवाय पुढचं काही बोलताच येत नाही.

देशभराचे आकडेही हेच सांगतात. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार २००० साली भारतातल्या सुमारे २२ टक्के प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती, २०२२ साली हे प्रमाण जवळजवळ ५० टक्क्यांवर गेलं होतं. पुरुषांत ते ४२ टक्के, तर बायकांत ५७ टक्के होतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ या पाहणीने देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला. राज्यांमध्ये सर्वांत वरचं प्रमाण होतं आमच्या शेजारच्या गोव्याचं, २६.४ टक्के. सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या माणसांचं खाणं, हवा, समुद्र, सोयरिकी सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे. तो आकडा वाचला तेव्हा मला तो परक्या राज्याचा वाटला नाही.

गाडी आल्यावर मी पहाटेचा एक तास चालण्यासाठी ठरवला आणि तो शक्यतो कुणाला दिला नाही. तिठ्यावरून देवळाकडे आणि तिथून समुद्राच्या बाजूला, असा माझा रस्ता असतो. या चालण्याने माझी कंबर आणि झोप सुधारली, ते ठीकच आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माझा सल्ला बदलला. पूर्वी मी कागदावर ‘रोज चालणे’ एवढं लिहायचो. आता त्या दोन शब्दांच्या आत काय काय आहे ते मला माझ्या पायांमुळे ठाऊक झालं.

उदाहरणार्थ, किनाऱ्यावरची कोरडी वाळू. पाहुण्यांना तिच्यावर चालणं आवडतं, पण गुडघे दुखणाऱ्याला किंवा घोट्यात कमजोर असलेल्याला ती त्रास देते. पाऊल आत रुततं, पोटऱ्या भरून येतात, आणि तिसऱ्या दिवशी माणूस चालणं सोडतो. ओहोटीला ओली, घट्ट झालेली वाळू मोकळी होते, तिच्यावर चालावं. म्हणजे चालण्याची वेळ भरती-ओहोटीप्रमाणे रोज थोडी सरकवावी लागते. हे मच्छीमाराला सांगावं लागत नाही, पण मुंबईहून निवृत्त होऊन आलेल्या मास्तरांना सांगावं लागतं. सागरी महामार्गाच्या कडेने चालायचं तर उजव्या बाजूने चालावं, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. काळोखात पाणंदीने जायचं तर पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच, कारण आमच्या भागात फुरसं आहे आणि ते पाचोळ्यात दिसत नाही. बूट न घालता व्यायाम करायला सांगणारा आरोग्याचा लेख कोकणातल्या माणसाने बाजूला ठेवावा, असं मी स्पष्ट सांगतो. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांना तर अनवाणी अंगणातसुद्धा जाऊ देत नाही.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर हे चार महिने इथे चालणाऱ्याची परीक्षा असते. चिऱ्यावर शेवाळ धरतं, म्हातारं माणूस घसरलं की खुब्याचं हाड मोडतं, आणि ते मोडलं की संसाराची घडी बदलते. वाफ्यात अनवाणी उभं राहणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. मेमध्ये उत्साहाने चालू लागलेली माणसं आषाढात घरी बसतात आणि चतुर्थीचे मोदक खाऊन दवाखान्यात येतात, तेव्हा साखर चढलेली असते. माझं स्वतःचं चालणंही पावसात तुटायचं. म्हणून मी पडवीत सूर्यनमस्कार घालायला लागलो. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले. त्यांना चटईएवढी जागा पुरते, आणि कोकणातल्या प्रत्येक घराला पडवी नाहीतर लोटा असतोच. ज्यांना नमस्कार जमत नाहीत त्यांना मी खुर्चीतून हात न टेकता उठायला आणि सावकाश बसायला सांगतो. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांड्यांत ताकद राहिली तर म्हातारपणी पडणं कमी होतं. औषधाच्या कुठल्याही गोळीने ही ताकद येत नाही.

एक प्रश्न मात्र मला माझ्या चालण्याने सुटला नाही. तो बायकांनी सोडवायला शिकवला. साखर वाढलेल्या एका काकींना मी चालायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “डॉक्टरांनु, मी दिसभर राबतंय, आणि तुमी माका चलूक सांगतास?” त्यांचा दिवस ऐकून घेतला. पहाटे गोठा, मग पेज, मग बागेत शिंपण, दुपारी काजूच्या बिया, संध्याकाळी परत चूल. त्या खरोखरच राबत होत्या. कामातली हालचाल आणि मोकळ्या वेळचा व्यायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम सारखा नसतो, असं गेल्या काही वर्षांतलं संशोधन दाखवतं. कामात माणूस तासन्‌तास वाकलेला किंवा उभा असतो, वजन उचलतो, आणि मध्ये विश्रांती मिळत नाही. हृदयाला मात्र थोडा वेळ जोमाची हालचाल आणि नंतर आराम हवा असतो. त्या काकींना आणखी कष्ट सांगणं अन्यायाचं होतं. त्यांना मी दुपारी अर्धा तास आडवं व्हायला सांगितलं, भात कमी करून कुळथाची पिठी आणि मासे वाढवायला सांगितलं, आणि रात्री जेवल्यावर दहा मिनिटं खळ्यात फेऱ्या मारायला सांगितलं. जेवणानंतरच्या थोड्या चालण्याने चढणारी साखर खाली राहते. सगळ्यांना एकच सल्ला देणं हा सल्लाच नव्हे.

बायकांची दुसरी अडचण अशी की आमच्या गावात बाई कारणाशिवाय चालत नाही. पाण्याला, गवताला, बाजाराला, देवळाला ती जाते. हात रिकामे ठेवून रस्त्याने जाऊ लागली तर घरोघरच्या खळ्यातून विचारणा होते, “खंय गे चललंस?” या प्रश्नात दुष्टावा नसतो, पण तिसऱ्यांदा उत्तर द्यायची वेळ आली की बाई घरी राहते. यावर उपायही त्यांनीच काढला. दोघी-तिघींनी मिळून संध्याकाळी रामेश्वराला जायचं, देवळाभोवती प्रदक्षिणा घालायच्या, आणि परतायचं. देवाला जाणाऱ्या बाईला कोणी अडवत नाही. मी आता बायकांना चालण्याचा सल्ला देताना आधी विचारतो, “सोबत कोण आहे?” नाव मिळालं तर ते कागदावर लिहितो.

पुरुषांची तऱ्हा वेगळी. आमच्या गावचे पुष्कळ पुरुष मुंबईत गिरण्यांत, बेस्टमध्ये, गोदीत, कचेऱ्यांत आयुष्य काढून निवृत्तीनंतर घरी येतात. मुंबईत असताना दादरचे पूल चढायचे, गाडी पकडायला धावायचं. इथे आल्यावर लोट्यावर बसणं, टीव्ही, आणि चहाबरोबर खारी-बटर. दोन वर्षांत पोट सुटतं. त्यांच्यातले एक निवृत्त बेस्ट कंडक्टर पहिल्यांदा तपासायला आले तेव्हा मी त्यांना लंडनच्या बसगाड्यांची हकिकत सांगितली. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध केली. दुमजली बसचे ड्रायव्हर दिवसभर बसलेले असत, कंडक्टर तिकिटं फाडायला दिवसभर जिना चढत-उतरत. ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी होत असल्याचं मॉरिस यांना आढळलं. पुढे त्यांनी त्यांच्या गणवेषांची मापंही तपासली, तेव्हा ड्रायव्हरांची कंबर मुळातच मोठी असल्याचं दिसलं, आणि तेही त्यांनी प्रामाणिकपणे मांडलं. हालचाल आणि हृदय यांचा संबंध शास्त्रशुद्ध रीतीने दाखवणारं ते पहिलं मोठं काम. मॉरिस स्वतः उतारवयातही व्यायाम करत राहिले आणि २००९ साली नव्याण्णवाव्या वर्षी वारले.

आमच्या कंडक्टर काकांनी हे लक्ष देऊन ऐकलं. मुंबईतल्या जुन्या दुमजली बस २०२३च्या सप्टेंबरात रस्त्यावरून गेल्या, पण त्यांच्या जिन्याची उंची काकांच्या गुडघ्यांना अजून आठवत होती. त्यांनी घराजवळची घाटी निवडली. खाली उतरायचं, वर यायचं, श्वास जागेवर येईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा उतरायचं. कागदावरच्या आकड्यांपेक्षा आपण केलेल्या कामातलं पुण्य माणसाला लवकर पटतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारतो की तरुणपणी तुम्ही काय करत होता. रापणीला जाणारा, दशावतारात नाचणारा, माडावर चढणारा, पखवाज वाजवणारा, प्रत्येकाच्या शरीराला कसली तरी आठवण असते. व्यायाम तिथूनच सुरू करावा.

चालण्यामुळे कधी कधी रोगही सापडतो. एक गृहस्थ बरेच दिवस पित्ताची गोळी घेत होते. चालायला सांगितल्यावर आठवड्याने येऊन म्हणाले, “घाटी चढताना छातीत आवळल्यासारख्या वाटता. जरा थांबलंय की बरा वाटता.” हे पित्त नव्हतं. श्रमाने येणारी आणि विश्रांतीने थांबणारी छातीची कळ हे हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं लक्षण असतं. त्यांना पुढच्या तपासणीला पाठवलं आणि वेळेवर उपचार झाले. आमच्याकडून असे रुग्ण कणकवलीला, ओरोसला किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जातात, आणि हे अंतर पाहता लक्षण लवकर ओळखण्याला इथे शहरापेक्षा जास्त किंमत आहे. म्हणून चालणं सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगून ठेवतो: छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखलं, अचानक घाम फुटला, तर थांबा आणि थेट इकडे या. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना खिशात गुळाचा खडा ठेवायला सांगतो.

“मी अशी बारीक, माका साखर खंयसून येतली?” हा प्रश्नही नेहमीचा. इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम मला उपयोगी पडतं. २००४ साली ‘लॅन्सेट’ने त्यांचा आणि ब्रिटनमधल्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. एका नामवंत डॉक्टरांनी आपलंच शरीर जगापुढे पुरावा म्हणून ठेवलं. वजनकाट्यावर बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात चरबी असू शकते आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्या एका फोटोने पटतं. म्हणून बारीक माणसालाही मी ताकदीचे व्यायाम सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचना हेच म्हणतात: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. मध्यम म्हणजे किती, तर चालताना सोबत्याशी बोलता यावं, पण भजन म्हणता येऊ नये. आमच्याकडे घरोघर भजनी माणसं असल्याने ही खूण लगेच समजते.

डॉक्टरच्या स्वतःच्या सवयींचा रुग्णांवर परिणाम होतो का, हा प्रश्न संशोधकांनी तपासला आहे. जे डॉक्टर स्वतः व्यायाम करतात ते रुग्णांशी त्याबद्दल जास्त बोलतात, असं अनेक पाहण्यांत दिसलं. अमेरिकेत अटलांटा इथल्या एमरी विद्यापीठात दवाखान्यात बसलेल्या रुग्णांना दोन चित्रफिती दाखवण्यात आल्या. दोन्हींत डॉक्टर आहार-व्यायामाचा सल्ला देते. एकीत ती आपण स्वतः काय करते तेही थोडक्यात सांगते आणि तिच्या टेबलावर सायकलचं हेल्मेट आणि सफरचंद दिसतं. ही चित्रफीत पाहणाऱ्यांना ती डॉक्टर जास्त विश्वासाची आणि उमेद देणारी वाटली. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. याला दुसरी बाजूही आहे. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की आपल्या तंदुरुस्तीचा मोठा गाजावाजा करणाऱ्या डॉक्टरांपासून जाड रुग्ण लांब राहतात, कारण हा माणूस आपल्याला कमी लेखेल अशी त्यांना भीती वाटते.

हे दोन्ही मी माझ्या दवाखान्यात पाहिलं आहे. माझे चालायचे बूट दाराशी असतात, त्यांना वाळू लागलेली असते. त्यांच्याविषयी मी आपणहून काही बोलत नाही. कुणी विचारलं तर सांगतो, आणि सांगताना पावसाळ्यात माझंही चालणं कसं तुटतं, रात्री उशिरा आलेल्या रुग्णामुळे पहाट कशी बुडते, तेही सांगतो. जाड माणूस आत येतो तेव्हा त्याला जन्मभर कोणी ना कोणी ‘कमी खा’ म्हणून हिणवलेलं असतं. त्याला आणखी एक शिस्तप्रिय माणूस नको असतो. त्याचं आजचं दुखणं आधी बघावं, वजनाची गोष्ट त्याच्या परवानगीने काढावी, आणि आठवड्याने भेटल्यावर वजनाआधी झोपेची चौकशी करावी. डॉक्टरची सवय रुग्णाला धीर देणारी हवी, लाज वाटायला लावणारी नको.

महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी या बाबतीत अभिमान वाटावा अशी कामं केली आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांना हृदयविकाराचा झटका आला, त्यानंतर त्यांनी आहार, चालणं, ध्यान यांनी आपलं जगणं बदललं आणि ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक लिहिलं. माझ्या अनेक रुग्णांच्या घरी ते मी पाहिलं आहे. त्यात एक डॉक्टर रुग्णाच्या खाटेवर झोपून बोलतो, म्हणून त्याचा परिणाम होतो. पिरावाडीतल्या काकींना मात्र सायकलची शर्यत सांगून भागत नाही. त्यांना दहा मिनिटांची जागा, सोबत आणि वेळ शोधून द्यावी लागते, आणि ते काम गावच्या डॉक्टरचं आहे.

खाण्याबद्दल मी थोडंच सांगतो, कारण मालवणी जेवणात मुळात वाईट फार नाही. उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी आणि मासे हे चांगलं अन्न आहे. तीन गोष्टींवर बोट ठेवतो: तिन्ही वेळचा भात, बेकरीचे पदार्थ आणि मीठ. सुकी मासळी, लोणचं, खारवलेली कैरी यांतून पोटात किती मीठ जातं याचा अंदाज नसतो. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर, एवढीच मर्यादा आरोग्य संघटना सांगते. रक्तदाबाच्या रुग्णाने सुकट आठवड्याला एकदा खावी, नेहमी ताजा बांगडा खावा. बांगडा तळण्याऐवजी त्याचं तिखलं केलं तर आणखी बरं.

या सगळ्याचा विचार करताना मला गावपळण महत्त्वाची वाटते. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की आचरा गाव घरंदारं सोडून वेशीबाहेर जातो आणि तीन रात्री झोपड्यांत, माळावर राहतो. गुरंढोरंसुद्धा मागे ठेवत नाहीत. दवाखाना बंद करून मीही जातो. औषधांची चिंता असते. कुणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपतात, इन्सुलिन गार ठेवायला ओल्या वाळूत मडकं पुरावं लागतं. पण त्या दिवसांत माणसांकडे पाहिलं की डॉक्टर म्हणून खूप शिकायला मिळतं. पाणी आणायला, लाकडं आणायला, दुसऱ्यांच्या झोपड्या बघायला सगळे चालत असतात. मुलं खेळत असतात, फुगड्या होतात, भजनं होतात, रात्री लवकर झोपणं होतं. एरवी गुडघ्यांचं कारण सांगून शंभर पावलं न टाकणाऱ्या आजी नातवंडांच्या मागे फिरतात. तिथे कोणीही व्यायामाचं नाव काढत नाही.

एकट्या माणसाची सवय लवकर मोडते. वाडीची सवय सहसा मोडत नाही. गावपळण टिकली कारण सारा गाव एकदम निघतो आणि कुणाला “खंय चललंस?” असं विचारायची गरज उरत नाही. म्हणून मी आता एकेका रुग्णाशी बोलण्याबरोबर भजनी मंडळांशी, बचत गटांच्या बायकांशी, शाळेच्या शिक्षकांशी बोलतो. जवळच्या वाडीतली मुलं शाळेत चालत जावीत, त्यांच्याबरोबर एक आजोबा जावेत. देवळाच्या वाटेवर दिवा असावा. घाटीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ पावसाळ्यापूर्वी खरवडलं जावं. ग्रामसभेत मांडण्याजोग्या या साध्या गोष्टी आहेत आणि त्यांचा मधुमेहाशी थेट संबंध आहे.

माझ्या तरुण डॉक्टर मित्रांना माझी एक विनंती आहे. दवाखान्याची वेळ पाटीवर लिहिताना स्वतःच्या चालण्याची वेळ त्यातून आधी वजा करा आणि मगच पाटी रंगवा. रात्री-बेरात्रीच्या तातडीच्या रुग्णासाठी आपण उठतोच आणि उठलंच पाहिजे. पण सर्दी-खोकल्याचा रुग्ण अर्धा तास थांबू शकतो, आणि डॉक्टर चालायला गेले आहेत असं कळलं तर तो रागावत नाही. आणि वाचकांना सांगायचं ते असं: पुढच्या वेळी तुमच्या डॉक्टरांनी ‘रोज चाला’ एवढंच लिहून दिलं, तर उठू नका. कुठे, किती वाजता, कुणाबरोबर, पावसात काय, आणि छातीत दुखलं तर काय, हे पाच प्रश्न त्यांना विचारा आणि उत्तरं लिहून घ्या.